एक सर्व्हिस बाहेर झालीय, वाढीव वॉरंटीच्या फॉर्मवर सही करू का?

प्रश्न : माझी २०२० सालची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे, ड्युअल क्लच गिअरबॉक्सची. ७१,००० किलोमीटर झालेत. सध्याची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. शोरूमवाले आणखी एक वर्ष किंवा २०,००० किलोमीटरसाठी २१,८०० रुपये मागताहेत. 'सगळं कव्हर होतं' असं तोंडी सांगतात. ६०,०००ची सर्व्हिस मी गावातल्या गॅरेजमध्ये केली होती, पण फॉर्मवर 'सर्व सर्व्हिस अधिकृत केंद्रात झाल्या आहेत' असं छापलंय. सेल्सवाला म्हणतो, 'सही करा, कोण बघतंय!' शिवाय अलीकडे ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला गाडी झटके देते. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : वॉरंटीचं नंतर बघू. आधी उद्या-परवा गाडी अधिकृत केंद्रात न्या आणि झटक्यांची तक्रार जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्या. सध्याची वॉरंटी अजून जिवंत आहे. तिच्या मुदतीत नोंदवलेला दोष दुरुस्तीला पुढच्या महिन्यात गेला तरी तो जुन्याच वॉरंटीतला राहतो. आज गप्प राहून नवी वॉरंटी घेतलीत, तर दोन महिन्यांनी 'हा बिघाड आधीपासूनचा आहे' हे वाक्य ऐकावं लागेल. जॉबकार्डवर 'जनरल चेकअप' असं मोघम लिहू देऊ नका. 'पहिल्या गिअरमध्ये, गर्दीत, इंजिन गरम असताना झटके' असे शब्द हवेत, आणि स्कॅनरवर आलेल्या फॉल्ट कोडची प्रिंटही हवी.

आता फॉर्म. आहे तशी सही करू नका. बघणारा क्लेमच्या दिवशी बघतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार दिशाभूल करून मिळवलेली संमती समोरच्याला रद्द करता येते. त्याच कलमाला एक अपवाद आहे. समोरच्याला साधी खबरदारी घेऊन खरं कळू शकलं असतं, तर तुम्ही सांगितलं नाही या सबबीवर त्याला करार मोडता येत नाही. तुमचा सर्व्हिस इतिहास त्यांच्याच संगणकात आहे, चासी नंबर टाकला की दिसतो. म्हणजे नुसतं गप्प बसला असतात तरी तुम्हाला बचाव होता. पण खोटं आहे हे ठाऊक असून सही केलीत, की ती कलम १७ मधली उघड फसवणूक ठरते आणि अपवादाचा आधार जातो. सेल्सवाल्याचं 'कोण बघतंय' तेव्हा कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

त्याऐवजी पैसे भरण्याआधी ईमेल करा : 'माझ्या गाडीची ६०,००० किलोमीटरची सर्व्हिस अमुक तारखेला बाहेरच्या गॅरेजमध्ये झाली आहे, पावती सोबत जोडली आहे. हे विचारात घेऊन वॉरंटी देत असल्याचं लेखी कळवावं.' फॉर्मवरचं ते वाक्य खोडून बाजूला 'ईमेल पाहावा' असं लिहा, सही करा आणि फोटो काढून ठेवा. हे सगळं माहीत असताना त्यांनी पैसे घेतले, तर त्याच कारणावर क्लेम नाकारणं त्यांना जड जाईल. नकार आला तर तुमचे २१,८०० वाचले. गॅरेजच्या पावतीवर ऑइलचा ग्रेड, फिल्टर आणि किलोमीटर लिहिलेले नसतील, तर गॅरेजवाल्याकडून तसं वेगळं पत्र घ्या. जुन्या पावतीवर आता काही लिहून घेऊ नका.

बाहेर सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द, ही अटच वादग्रस्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारकंपन्यांविरुद्ध आदेश देताना अशी सरसकट अट घालू नये, सदोष बाहेरच्या कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं म्हटलं होतं. त्यावर अपिलं झाली, त्यामुळे तो हुकमी पत्ता समजू नका. पण ऑइल बदलल्याने गिअरबॉक्सचा सेन्सर कसा गेला, हा प्रश्न नोटिशीत विचारायला तो उपयोगी पडतो.

घ्यावी की नाही? साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी असती तर मी नको म्हटलं असतं. ड्युअल क्लचमध्ये मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर एकच बिल वॉरंटीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातं, म्हणून तुमच्या बाबतीत ती विचार करण्याजोगी आहे. मात्र 'सगळं कव्हर' असं कधीच नसतं. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बेल्ट, होज, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग बहुतेक वेळा वगळलेले असतात. खरी मेख क्लच पॅकमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या दोन क्लचच्या संचात, आहे. मेकॅट्रॉनिक 'कव्हर' आणि क्लच 'झीज', अशी विभागणी असेल, तर तुमच्या झटक्यांच्या तक्रारीवर कंपनी क्लचकडेच बोट दाखवणार. म्हणून मेकॅट्रॉनिक, क्लच पॅक, एसी कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगची मोटर, या चार भागांचं नाव घेऊन लेखी उत्तर मागा आणि त्यांचं आजचं एस्टिमेटही घ्या. क्लच पॅक वगळलेला असेल तर या किमतीला घेऊ नका.

पावती कोणाच्या नावाची आहे तेही पाहा : कारकंपनी, शोरूम की तिसरीच एखादी कंपनी? शोरूमची स्वतःची स्कीम असेल तर ती बहुधा त्याच वर्कशॉपपुरती चालते. पुण्याला जाताना खंबाटकीत गाडी बंद पडली तर ती कराडपर्यंत टो करून आणायची का, हे आधी विचारा. संपूर्ण अटींचं पुस्तक पैसे भरण्याआधी मागा. विम्याच्या प्रकरणात, मॉडर्न इन्शुलेटर्स खटल्यात (२०००), सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला न कळवलेल्या वगळणुकीच्या अटीचा आधार कंपनीला घेता येणार नाही असं म्हटलं. वॉरंटीच्या तक्रारींतही हाच मुद्दा मांडता येतो. नवी वॉरंटी देण्याआधी ते गाडी तपासतील, त्या चेकलिस्टची सही-शिक्क्याची प्रत सोडू नका. 'आधीपासूनचा बिघाड' म्हणायला तीच आडवी येते.

उद्या क्लेम नाकारलाच तर नकार लेखी घ्या, अटीच्या क्रमांकासह. काढलेला भाग भंगारात जाऊ देऊ नका. दोष सिद्ध करायला तपासणी लागली तर ग्राहक आयोगापुढे तोच भाग पुरावा असतो. गाडी अडकवून ठेवली असेल तर 'हरकत नोंदवून भरणा' असं बिलावर लिहून पैसे भरा आणि गाडी सोडवा, पार्किंगचा आकडा वाढू देऊ नका. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, १५ दिवसांची नोटीस, आणि तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात 'फक्त अमुक शहरातली न्यायालयं' असं छापलेलं असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मोबदला म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, दुरुस्तीचं बिल नव्हे. करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी मध्यस्थाकडेच न्यायची अट, असलं तरी एमार एमजीएफ खटल्यातल्या २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

एक राहिलं. गाडी टॅक्सी म्हणून वा धंद्यासाठी भाड्याने देत असाल तर 'ग्राहक' या व्याख्येवरच हरकत येऊ शकते. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे, चार गाड्या ठेवणाऱ्याला नाही. वर्षभरात गाडी विकायचा विचार असेल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावे कशी होते, किती दिवसांत अर्ज करायचा आणि त्याची फी किती, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.