प्रजाराज्यम: मते 16 टक्के, जागा 18

प्रश्न: तेलुगू सिनेस्टार चिरंजीवींच्या सभांना तुफान गर्दी व्हायची. मग त्यांचा प्रजाराज्यम पक्ष 18 जागांवरच का अडकला?

गर्दी खरीच होती. 26 ऑगस्ट 2008 ला तिरुपतीत पक्ष जाहीर झाला आणि एप्रिल 2009 मध्ये मतदान. तेवढ्यात अखंड (तेलंगण वेगळे होण्याआधीच्या) आंध्र प्रदेशात सुमारे 16 टक्के मते मिळवणे म्हणजे गंमत नव्हे. पण ही मते राज्यभर विखुरलेली, आणि लढत तिरंगी. अशा वेळी 16 टक्के म्हणजे बहुतेक ठिकाणी तिसरा नंबर. त्याच निवडणुकीत टीआरएसने (तेलंगण राष्ट्र समिती) जेमतेम 4 टक्क्यांत 10 जागा काढल्या, कारण ती तेलुगु देसमच्या आघाडीत राहून मोजक्याच मतदारसंघांत लढली. खुद्द चिरंजीवी तिरुपतीत जिंकले, पण आपल्याच पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, पालकोल्लूला पडले. तिकिटे विकल्याच्या आरोपांनी ऐन प्रचारात नाव खराब केले ते वेगळेच. शिवाय फॅन क्लबची पोरं कटआउटला दुधाचा अभिषेक घालतात. मतदार यादी घेऊन दिवसभर बूथवर बसणारा कार्यकर्ता आठ महिन्यांत तयार होत नाही.

प्रश्न: 18 आमदार हाताशी असताना काँग्रेसमध्ये विलीन का झाले?

आधी 'सामाजिक तेलंगण', म्हणजे सामाजिक न्यायावर उभे वेगळे तेलंगण, म्हणणाऱ्या पक्षाने डिसेंबर 2009 मध्ये केंद्राची वेगळ्या तेलंगण राज्याची घोषणा होताच एकसंध आंध्रची बाजू घेतली. तेलंगणातला पक्ष तिथेच बसला. दुसरीकडे काँग्रेसला गरज होतीच: 2009 ला 294 पैकी 156 जागा, बहुमत 148 ला, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये काँग्रेस खासदार आणि दिवंगत मुख्यमंत्र्यांचे पुत्र जगनमोहन रेड्डी पक्षातून बाहेर पडलेले. त्यांच्यामागे नऊ-दहा आमदार गेले तरी सरकार गडगडणार. 6 फेब्रुवारी 2011 ला विलीनीकरण जाहीर झाले. 2012 मध्ये चिरंजीवी राज्यसभेत गेले आणि केंद्रात पर्यटन खात्याचे राज्यमंत्री झाले, स्वतंत्र कार्यभारासह. सौदा म्हणा किंवा सुटका, आमच्या मते दोन्ही.

प्रश्न: एखाद्या आमदाराला विलीनीकरण नकोच असेल तर?

संविधानाच्या दहाव्या अनुसूचीच्या (पक्षांतरबंदी कायदा) चौथ्या परिच्छेदानुसार दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. 18 चे 12. नकार देणाऱ्यांना वेगळा गट म्हणून राहता येते. कागदावर तरी. प्रजाराज्यमच्या आळ्ळगड्डाच्या आमदार शोभा नागी रेड्डी जगन यांच्याकडे गेल्या, डिसेंबर 2011 च्या अविश्वास ठरावावर त्यांनी सरकारविरोधात मत दिले आणि त्या अपात्र ठरल्या. 2012 च्या पोटनिवडणुकीत जगन यांच्या पक्षाकडून त्याच जागेवर पुन्हा निवडून आल्या.

प्रश्न: नव्या पक्षाची नोंदणी कशी होते?

पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, किमान 100 नोंदणीकृत मतदार सदस्य आणि 10,000 रुपये शुल्क. नोंदणी झाली म्हणजे राखीव चिन्ह मिळाले असे समजू नका. त्यासाठी मान्यता लागते, आणि ती मते-जागांच्या निकषावर निवडणुकीनंतरच मिळते.