‘तंदुरुस्त’ पोराला दम का लागतो?

अमळनेरच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलं आहे: विद्यार्थ्यांच्या फिटनेस चाचणीचा तक्ता मराठीत करायचा, तर मथळा काय द्यावा? तंदुरुस्ती, सुदृढता की क्षमता? सातवीतल्या एका मुलाचे वडील शेरा वाचून त्यांना म्हणाले, ‘सर, पोऱ्या वर्षभरात एकदाही आजारी पडला नाही. मग तंदुरुस्ती कमी कशी?’

भाषेच्या दृष्टीनं वडिलांचं म्हणणं बरोबर आहे. तंदुरुस्ती हा शब्द फारसीतून आला. तन म्हणजे शरीर, दुरुस्त म्हणजे ठीक. अंगात दुखणं नाही, की माणूस तंदुरुस्त. चाचणी मात्र आजार शोधत नाही, शरीर किती काम पेलू शकतं ते पाहते. ‘सुदृढता’ छापील मजकुरात भरपूर आढळते, पण ‘सुदृढ बालक’ स्पर्धांनी या शब्दाला गुटगुटीत गालांची अशी सवय लावली आहे, की सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या शिडशिडीत पोराला कुणी सुदृढ म्हणणार नाही, मग ते डोंगर चढताना सगळ्यांना मागे टाकत असो. म्हणून माझं मत ‘शारीरिक क्षमता’ या शब्दाला. यातला ‘क्षम’ ज्या संस्कृत धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘क्षमा’ही आली. धातूचा अर्थ सहन करणं, पेलणं. नेमकं तेच आपल्याला मोजायचं आहे.

सरांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: तक्त्यातल्या रकान्यांना काय म्हणायचं? त्यांच्या आधीच्या तक्त्यात एका रकान्यावर ‘सहनशीलता’ होतं. ‘सहनशीलता कमी’ असा शेरा घरी गेला, तर आई-वडिलांना वाटेल पोरगं तापट आहे. इथे आपल्याकडे ‘दम’ हा अस्सल रोजच्या वापरातला शब्द आहे. हाही फारसी, मूळ अर्थ श्वास. गंमत अशी, की ‘दम लागला’ म्हणजे श्वास अपुरा पडला आणि ‘गड्यात दम आहे’ म्हणजे श्वास पुरून उरतो. ‘दम धर’, ‘दमानं घे’ यांतही श्वासच आहे. अहिराणीतलं ‘माले दम लागना’ सांगायला तर शब्दकोश उघडावा लागत नाही. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत चौथीपासून पुढे ६०० मीटर धावणं-चालणं असतं, ते हृदय आणि फुप्फुसांचा हा दम पाहण्यासाठीच. (ही चाचणी दिवाळीनंतरच्या गारव्यात सकाळी घ्यावी. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात घेतलेली वेळ तिच्याशी ताडून पाहणं मुलांवर अन्याय आहे.)

पण दम एक आणि स्नायूंचा टिकाव दुसरा. त्या टिकावाला मी ‘काटकपणा’ म्हणेन. रावेर-सावद्याकडे केळीची कापणी पाहिलेल्याला हा फरक समजवावा लागत नाही. भरलेला घड उचलून खांद्यावर घेणं ही ताकद. तसे घड बागेतून गाडीपर्यंत दिवसभर वाहणं हा काटकपणा. चाचणीतले अर्धे सिट-अप आणि पुश-अप, म्हणजे तालमीतल्या जोरांचाच साधा प्रकार, एकदा जमले की नाही ते पाहत नाहीत, किती वेळा जमले ते मोजतात. त्यामुळे तो रकाना निव्वळ ‘ताकद’ नको.

ताकदीच्या जागी ‘शक्ती’ लिहू नये, असं मी आग्रहानं सांगेन. विज्ञानाच्या पुस्तकात बल वेगळं आणि शक्ती वेगळी. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, म्हणजे तिच्यात वेळ आलाच. जागेवरून लांब उडी मारताना ताकद झटक्यात लावावी लागते, तिथे ‘शक्ती’ शोभते. एकाच मुलानं विज्ञानाच्या तासाला एक अर्थ शिकावा आणि मैदानावर दुसरा, हे बरं नाही.

वेग आणि चपळाई यांची सरमिसळ होते, पण खो-खो खेळणारी मुलं ती करत नाहीत. सरळ ५० मीटर पळणं हा वेग, खांबाला वळसा घालून दिशा बदलणं ही चपळाई. पहिली ते तिसरीच्या मुलांना एका पायावर उभं करतात, त्याला साधं ‘तोल’ म्हणावं. बसून पुढे वाकण्याच्या चाचणीसाठी ‘लवचिकता’ बरोबर. लेखनाचं म्हणाल, तर ‘लवचीक’मध्ये ची दीर्घ, ‘लवचिकता’मध्ये ऱ्हस्व.

राहिला ‘शरीररचना’ हा रकाना. तो कृपया बदला. शरीररचना म्हणजे हाडं, स्नायू, अवयव यांची मांडणी, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात ती. शाळेत आपण फक्त उंची आणि वजन घेतो. ४० किलो वजन आणि दीड मीटर उंची असेल, तर ४० भागिले २.२५ (उंचीचा वर्ग, दीड गुणिले दीड), म्हणजे साधारण १७.८. हा आकडा चरबी थेट मोजत नाही, आणि मुलांसाठी तो वय व लिंग पाहूनच वाचायचा असतो. तेव्हा रकान्यावर ‘उंची-वजन निर्देशांक’ एवढंच लिहावं.

शेवटी ‘कसोटी’ की ‘चाचणी’. जळगावच्या सराफाकडे कसोटीचा काळा दगड ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे, त्यावरची रेघ सोन्याचा कस सांगते आणि तो कस उद्या बदलत नाही. मुलाचा दम तीन महिन्यांच्या सरावानं वाढतो. म्हणून ‘चाचणी’ लिहा, आणि शेजारी मागच्या वेळच्या आकड्यासाठी एक रकाना ठेवा.