वाचकांचे प्रश्न : धुण्याचा सोडा आणि त्याचे दोन कारखाने

प्रश्न : मुलीचा केमिस्ट्रीचा अभ्यास घेताना सोडा बनवायची सॉल्व्हे पद्धत आली. त्याआधीची लेब्लांक पद्धत मागे पडली एवढंच पुस्तकात आहे. ती वाईट होती तर इतकी वर्षं चालली कशी? आणि खायचा सोडा नि धुण्याचा सोडा एकच का? – एक वाचक, सांगली

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण खरी गंमत त्या न लिहिलेल्या भागातच आहे. काच आणि साबण करायला सोडा लागतो आणि तो आधी समुद्रकाठच्या झाडांच्या राखेतून यायचा. तो पुरेना, म्हणून फ्रान्समध्ये मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं आणि निकोला लेब्लांकने ते जमवलं, 1791 मध्ये पेटंटही मिळालं. पण पुढे क्रांतीच्या धामधुमीत कारखाना जप्त झाला, बऱ्याच वर्षांनी परत मिळाला तेव्हा चालवायला पैसा नव्हता, आणि 1806 मध्ये या माणसाने आत्महत्या केली. वाचून अजूनही वाईट वाटतं.

त्याची कृती अशी, की मिठावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून तापवायचं, मग जे उरेल ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचं, त्याची काळी राख होते, ती पाण्यात भिजवली की सोडा पाण्यात उतरतो आणि मग ते पाणी आटवायचं. पण पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू सुटतो, हिशेबाने दर 106 किलो सोड्यामागे 73 किलो, आणि तो सरळ धुराड्यातून हवेत! इंग्लंडमध्ये विडनेस, सेंट हेलेन्सकडे झाडं वाळली, शेतकरी कोर्टात गेले. भिजवून उरलेला गाळ कारखान्याबाहेर डोंगरासारखा साठायचा आणि पाऊस पडला की त्याला सडक्या अंड्याचा वास सुटायचा.

1836 मध्ये विल्यम गॉसेज या इंग्रज सोडा-कारखानदाराने एका पडक्या पवनचक्कीत काटेरी झुडपं भरली, वरून पाणी सोडलं, खालून वायू सोडला, आणि फांद्यांवरून झिरपणाऱ्या पाण्यात वायू विरघळून गेला. उपाय इतका साधा, तरी बरेच जण ते अ‍ॅसिडचं पाणी ओढ्यात ओतून मोकळे व्हायचे. 1863 मध्ये कायदाच आला, 95 टक्के वायू अडवायचाच, मग एवढ्या अ‍ॅसिडचं करायचं काय म्हणून त्यातून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करायला लागले, कापड गिरण्यांना ती हवीच होती. ती भरणारे कामगार तोंडाला फ्लॅनेलच्या घड्या बांधून आत जायचे, त्यांचे हाल वेगळेच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने 1861 मध्ये पेटंट घेतलं, त्यात मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवून ते मनोऱ्यातून खाली सोडायचं आणि खालून कार्बन डायऑक्साइड चढवायचा. महागडा अमोनिया चुन्याने परत मिळवायचा, तो चुना आणि तो कार्बन डायऑक्साइड दोन्ही एकाच चुनखडीच्या भट्टीतून, म्हणजे वाया जातं ते फक्त कॅल्शियम क्लोराइड. सोडा बराच स्वस्त पडला. पण मिठातलं क्लोरीन सगळं त्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये अडकून जातं! म्हणून सोड्यात मार खाऊनही लेब्लांकवाले ब्लीचिंग पावडरवर तग धरून राहिले, म्हणजे आधी जे ओढ्यात फेकत होते त्याच्याच जिवावर. 1890 नंतर विजेने मिठाच्या पाण्यातून थेट क्लोरीन निघायला लागलं तेव्हा तोही आधार गेला, माझ्या मते लेब्लांकवर शेवटचा घाव विजेचाच.

आता दोन सोडे. मनोऱ्यात आधी खाली बसतो तो खायचा सोडाच, कारण थंड पाण्यात तो कमी विरघळतो. तो गाळून तापवला की धुण्याचा होतो. पण मनोऱ्यातल्या त्या सोड्याला अमोनियाचा वास असतो, त्यामुळे खाण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडून वेगळा, शुद्ध सोडा करतात. तेव्हा धुण्याचा सोडा ढोकळ्यात चुकूनही घालू नका, तो बराच जहाल असतो.