तालुका कोर्ट छोटं वाटतंय ना?

तुझा मेसेज वाचला. तालुक्याला ना धड सिनियर ना लायब्ररी, इथे काय शिकणार म्हणतोयस. तर स्टीफन फील्ड नावाच्या वकिलाचं ऐक.

हा न्यूयॉर्कला भावाबरोबर प्रॅक्टिस केलेला माणूस 1849 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला बोटीतून उतरला तेव्हा खिशात जेमतेम दहा डॉलर होते, आणि पुढच्याच महिन्यात मेरीजव्हिलला गेला, म्हणजे सोन्याच्या नादात नुकतंच उभं राहिलेलं गाव, आणि तिथे अल्काल्डेच्या निवडणुकीला उभा! (मेक्सिकन काळापासूनचं पद, आपल्या मॅजिस्ट्रेटसारखं.) विरोधक ओरडायला लागले की हा उपरा आहे, येऊन तीनच दिवस झालेत. समोरच्या उमेदवाराला किती झाले होते, तर सहा! फील्ड नऊ मतांनी निवडून आला.

तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. तिथल्या खाणवाल्यांनी आपसात नियम ठरवलेले, कुणी किती जागा धरायची, किती दिवस काम बंद ठेवलं की हक्क जातो वगैरे, आणि हे सगळं कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. फील्ड कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेल्यावर 1851 च्या कायद्यात त्याने कलमच घातलं की खाणीच्या दाव्यात त्या जागेची वहिवाट, म्हणजे खाणवाल्यांची हीच रीत, पुरावा म्हणून घ्यायची, आणि कायद्याच्या आड येत नसेल तर निकालही तिच्यावरच द्यायचा. 1857 ला तो राज्याच्या सुप्रीम कोर्टावर निवडून गेला, दोन वर्षांत चीफ जस्टिस, आणि 1863 ला लिंकनने त्याला थेट वॉशिंग्टनला, देशाच्या सुप्रीम कोर्टावर नेलं. 1866 ला तर अमेरिकन काँग्रेसनेही खाणवाल्यांची वहिवाट मानली.

डोकं मात्र भयंकर तापट. 1850 मध्ये टर्नर नावाच्या जज्जाशी वाजलं, त्याने दंड केला, कोठडीत टाकलं, सनदही काढून घेतली. ती वरच्या कोर्टाने परत दिली, तिथेच विषय संपायला हवा होता ना, पण हा आमदार झाल्यावर न्यायालयांच्या हद्दी नव्याने आखायचं बिल आणून टर्नरला पार उत्तरेच्या रानात धाडून मोकळा झाला. हे अजिबात उचलू नकोस, तुझाही पारा कुठे चढतो ते मला माहितीये.

तुझ्याकडे ती पाटाच्या पाण्याची केस आलीय ना, तिचा दावा लिहायच्या आधी बांधावर जाऊन ये. पाळी कुणाची कधी असते, मोटर कोण बंद करतं, हे पक्षकाराला एकट्याला न विचारता शेजाऱ्यांनाही विचार. सातबारा आणि गटाचा नकाशा बरोबर ने. ड्राफ्ट झाला की मला पाठव, रविवारी बघतो.