चहाची फ्रँचायझी की स्वतःचे दुकान?

प्रश्न : पुण्यातील कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी कराडला परतलो आहे. चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घेण्यासाठी ५१,००० रुपये टोकन भरले आहे. फी ६ लाख रुपये, विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी, करार पाच वर्षांचा आणि तो संपल्यावर तीन वर्षे सातारा जिल्ह्यात चहाचा व्यवसाय करायचा नाही, अशा अटी आहेत. ‘दीड वर्षात पैसे वसूल’ असे कंपनीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर कळवले आहे. मेहुणे म्हणतात, एवढ्या पैशांत स्वतःचे अमृततुल्य टाका. काय करावे? आणि टोकन परत मिळेल का?

उत्तर : आपण पाठवलेला कराराचा मसुदा मी दोनदा वाचला. आपल्या नियोजित दुकानाच्या चौकात चहा किती खपेल हे मला सांगता येणार नाही. तेथे दोन दिवस उभे राहून आपणच ते माझ्यापेक्षा चांगले ठरवाल. पाच वर्षांनी कंपनीची पाटी उतरली तर आपल्या हाती काय उरेल, एवढेच मी पाहिले. या मसुद्याप्रमाणे फारसे काही उरत नाही. म्हणून आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नये, असे माझे मत आहे.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. आपली किती दुकाने बंद पडली हे कंपनीने सहीपूर्वी आपणहून सांगावे, असे बंधन कोणताही कायदा तिच्यावर घालत नाही. सारी भिस्त भारतीय करार कायदा, १८७२ आणि सही केलेल्या कागदावर असते, आणि या कागदात तर ‘कराराबाहेरील कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही’ असे स्पष्ट कलम आहे. व्हॉट्सॲपवरील संदेश जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भविष्यातील नफ्याचा अंदाज हे खोटे विधान होते असे न्यायालयात सिद्ध करणे अवघड जाते. त्याऐवजी चालू असलेल्या तीन दुकानांचे विक्रीचे आकडे लेखी मागा आणि ते कराराला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. कंपनी टाळाटाळ करू लागली, तर तेच उत्तर समजावे.

रॉयल्टी नफ्यावर नाही, एकूण विक्रीवर आहे. महिन्याला ३ लाखांची विक्री झाली तर १५,००० रुपये रॉयल्टी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० रुपये, दुकान तोट्यात असले तरी द्यावेच लागतील. आपल्या विक्रीला उपाहारगृहाचा ५ टक्के जीएसटी दर लागू असेल, तर रॉयल्टीवरील या जीएसटीची वजावटही (आपण भरायच्या करातून ती रक्कम वळती करणे) मिळत नाही. शिवाय चहा पावडर आणि मसाला कंपनीकडूनच, तिने वेळोवेळी ठरवलेल्या भावाने घ्यायचा आहे. या भावावर मर्यादा नसेल तर ५ टक्के हा आकडा केवळ नावापुरता राहतो.

तीन वर्षांच्या बंदीने आपण धास्तावलेले दिसता. कायद्याने ती फारशी टिकणारी नाही. करार चालू असताना प्रतिस्पर्धी व्यवसाय न करण्याची अट वैध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या प्रकरणात मान्य केले. पण करार संपल्यानंतरची अशी बंदी सर्वसाधारणपणे करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरते. मात्र कंपनीचे नाव, दुकानाची ठेवण आणि तिचे गोपनीय मसाल्याचे प्रमाण तेव्हाही वापरता येणार नाही. आणि निरर्थक अटीच्या आधारेसुद्धा मनाई हुकमाचा अर्ज दाखल होऊ शकतो, ज्याला उत्तर देण्यासाठी आपल्याला कराडहून पुण्याला खेटे घालावे लागतील. तेव्हा ती अट आताच काढून घ्यावी. लवाद (न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणारा) कंपनीच्या संचालकाने एकट्याने नेमावा, हे कलमही बदलून घ्या. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने अशी एकतर्फी नेमणूक अमान्य ठरवली आहे.

टोकनच्या पावतीवर ‘परतावा नाही’ असे छापले असले, तरी तेवढ्यावर विषय संपत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळते, आणि येथे तर मूळ करारच झालेला नाही. आपली बाजू चांगली आहे, निश्चित नाही. वकिलामार्फत नोटीस पाठवल्यावर काही रक्कम सोडून तडजोड होत असेल तर करावी. पण ५१,००० बुडू नयेत म्हणून ६ लाख भरणे हा हिशेब मला पटत नाही.

कंपनीने वरील बदल मान्य केले नाहीत, तर मेहुण्यांचा सल्ला ऐकावा. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार आपल्याच नावाने करून त्याची नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती आवश्यक आहे. दुकानाच्या नावासाठी वर्ग ४३ मध्ये (खाद्यपेय सेवांचा वर्ग) ट्रेडमार्कचा अर्ज करा. ‘अमृततुल्य’ हा शब्द पुण्यात अनेक पाट्यांवर दिसतो, त्यावर एकट्याचा हक्क मिळणे कठीण. त्याच्याआधी आपला असा वेगळा शब्द हवा.

कंपनीने पुढील आठवड्यात प्रशिक्षणाला बोलावले आहे, असे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. बदलांना लेखी होकार येईपर्यंत तेथे जाऊ नका. एकदा गोपनीयतेच्या कागदावर सही करून त्यांची कृती पाहिली, की पुढे स्वतःच्या दुकानात आपण उकळलेला प्रत्येक चहा ‘आमच्याकडून शिकलेला’ आहे, असा आरोप करण्यास त्यांना वाव मिळेल.