कार्बनच्या भरवशावर काढलेले कर्ज

प्रश्न: माझी एक हेक्टर शेती आहे. कार्बन क्रेडिटच्या योजनेत सगळ्या शेतात मिळून 500 झाडे लावतो आहे. वर्षाला 600 डॉलर सुटतील असे एजंट म्हणतो. ते मुदत ठेवीत टाकू की एसआयपी करू? रोपे, कुंपण आणि नोंदणी शुल्कासाठी 2,000 डॉलरचे कर्ज 12 टक्क्यांनी मंजूर झाले, निम्मे उचलले. अडीनडीला ठेवलेली रक्कमही यातच घातली. करार 30 वर्षांचा, सही पुढच्या आठवड्यात.

उत्तर: ठेव की एसआयपी, हा प्रश्न सोडून द्या. गुंतवायला काही उरणार नाही.

एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड; आपले प्रदूषण भरून काढू पाहणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने 20 किलो शोषते असे धरतात. 500 पैकी 400 जगली, तर 8 टन. आग, कीड, दुष्काळ यांसाठी काही क्रेडिट राखीव ठेवावी लागतात, म्हणून साडेसहा धरू. टनाला 10 डॉलर भाव आणि तुमचा वाटा 60 टक्के धरला, तर हातात 40 डॉलर. वर्षाला! आणि पूर्ण कर्ज उचलले तर नुसते व्याजच 240. भाव तिप्पट झाला तरी व्याज सुटत नाही. 600 चा आकडा एजंटने कुठून आणला ते त्यालाच विचारा.

त्यातही हे 40 डॉलर झाडे मोठी झाल्यावरचे. पहिली काही वर्षे रोपटी नावापुरतेच शोषतात, आणि मोजणी-पडताळणी होऊन क्रेडिट विकली गेल्याशिवाय पैसा येत नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. मधली वर्षे घर कशावर चालवणार? सगळ्या शेतात झाडे म्हणजे पीक गेले, आणि गाठीचा पैसाही संपवला. पत्रात मला सर्वात जास्त खटकले ते हेच, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही.

छोट्या शेतकऱ्यांच्या योजना खोट्या असतात असे नाही. 1999 मध्ये टांझानियात सुरू झालेली टिस्ट ही योजना जिवंत झाडामागे वर्षाला 2 सेंट आगाऊ देते आणि पुढे क्रेडिटच्या नफ्यातला 70 टक्के वाटा. तुमच्या 400 झाडांचे ते आगाऊ पैसे होतात 8 डॉलर. तिथल्या शेतकऱ्यांना खरा आधार सरपण, फळे, चारा यांचा, कार्बन वरकड. तुमच्या एजंटने वरकडीलाच मुख्य उत्पन्न करून विकले. शेतकऱ्याकडूनच नोंदणी शुल्क मागणारी योजना दिसली की माझा तर विश्वासच उडतो.

आता काय करायचे? कर्जाचा उरलेला भाग उचलू नका. उचललेल्यातले जे खर्च झाले नसेल ते बँकेत परत भरा. मुदतीआधी फेडीचा दंड असला तरी बहुधा व्याजापेक्षा तो परवडेल, पण आकडा विचारून घ्या. मग सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम पुन्हा बाजूला जमवा. झाडे लावायचीच असतील तर बांधावर शंभरेक लावा, स्वतःच्या पैशाने, पीक न मोडता.

एजंटकडून कराराची प्रत आधी मागवा. झाड मेले तर भरपाई कोणाची, तोडायची मुभा कधी, 30 वर्षांत जमीन विकली किंवा मुलांत वाटली तर काय, ही कलमे वाचून मला कळवा. तोवर सही करू नका.