रिप्लेस ऑलच्या आधी दोन आकडे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. 'युझर'च्या जागी 'मेंबर' घालायला सगळ्या फायलींवर रिप्लेस ऑल फिरवलंस, आणि आता क्लास सापडत नाहीत म्हणून प्रोग्रॅम बोंबलतोय. वर विचारतोस, एडिटर बदलू का? नको बदलूस. व्हीएस कोड, विम, ईमॅक्स, नोटपॅड प्लस प्लस, सगळे हे काम चोख करतात. स्मॉल-कॅपिटल वेगळं धरायचं की नाही हे त्यांना आपण सांगायचं असतं, आणि तेच राहून गेलं.

उलटं रिप्लेस करून हे निस्तरायचा विचार सोडून दे. व्हेरिएबलच्या नावात सगळी अक्षरं स्मॉल होती, क्लासच्या नावात पहिलं कॅपिटल, कॉन्स्टंटच्या नावात सगळी कॅपिटल. केस, म्हणजे स्मॉल-कॅपिटलचा फरक, न बघता बदललंस तेव्हा तिन्हींचं एकच स्मॉल 'मेंबर' झालं. कोणता कुठल्या रूपातून आला याची खूण फायलीत उरलेली नाही. शिवाय उलट्या फेरीत 'रिमेंबर'चं 'रियुझर' होईल ते वेगळंच. तेव्हा गिटमधल्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) शेवटच्या कमिटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या स्थितीवर, परत जा. कमिट केलंच नव्हतं असं मात्र सांगू नकोस.

आता माझा हट्ट. रिप्लेस ऑल दाबण्याआधी दोन आकडे बघायचे: मॅच केस (स्मॉल-कॅपिटल जुळलं तरच सापडलं म्हणायचं) चालू ठेवून किती सापडले, आणि बंद ठेवून किती. व्हीएस कोडमध्ये ऑल्ट-सी दाबलं की मॅच केस चालू-बंद होतं आणि आकडा शोधाच्या चौकटीतच दिसतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये काउंटचं बटण आहे. विममध्ये सब्स्टिट्यूट या बदलायच्या आज्ञेच्या शेवटी स्मॉल जी आणि स्मॉल एन लावलं की काहीही न बदलता नुसती मोजणी होते.

समज, स्मॉलमध्ये 'युझर' शोधलंस, मॅच केस चालू असताना 118 सापडले आणि बंद असताना 163. मधले 45 कोण? हाच प्रश्न सोडवायचा असतो. मॅच केस चालू ठेवून फक्त पहिलं यू कॅपिटल असलेल्या 'युझर'चा शोध: 31. सगळी कॅपिटल: 12. म्हणजे 43. दोन अजून उरले. ते दोन बहुतेक कुणाच्या तरी घाईत दोन कॅपिटल पडलेले असतात, एखाद्या कॉमेंटमध्ये किंवा स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुरात. ते हाताने बदल. फरक शून्य आला तर खुशाल रिप्लेस ऑल दाब. फरक शून्य नसेल आणि तुला तो समजावून सांगता येत नसेल, तर बटणाला हात लावू नकोस.

आणि नवा शब्दही आधी शोध, केस बंद ठेवून. 'मेंबर' आधीपासून दहा ठिकाणी असेल, तर बदल झाल्यावर जुने आणि नवे एकमेकांत मिसळतील.

'होल वर्ड (फक्त सुटा, पूर्ण शब्द शोधायचा पर्याय) लावलं की झालं' असं तू लिहिलंयस. नाही झालं. अंडरस्कोअर हा बहुतेक ठिकाणी शब्दाचाच भाग धरला जातो, त्यामुळे युझर-अंडरस्कोअर-आयडी सुटतं. युझरनेम एकत्र लिहिलेलं असेल तर तेही सुटतं. मध्ये हायफन असेल तर मात्र सापडतं. होल वर्ड लावून आणि काढूनही आकडा बघ. पुन्हा आकडाच, हो. कंटाळा आला तरी चालेल.

व्हीएस कोडमध्ये रिप्लेसच्या खान्यात प्रिझर्व्ह केसचं बटण आहे, ऑल्ट-पी. मॅच केस बंद आणि हे चालू ठेवलं, तर सापडलेल्या शब्दाची धाटणी नव्या शब्दाला मिळते. तुझ्या कामाला हेच हवं होतं. पण सापडलेला मजकूर एकच कॅपिटल अक्षर असेल, तर ते त्याला 'सगळं कॅपिटल' समजतं आणि अख्खा नवा शब्द कॅपिटलमध्ये टाकतं. दोन शब्दांच्या नावांत आणखी एक फट आहे: 'युझरअकाउंट' शोधून मधे अंडरस्कोअर असलेला कॉन्स्टंट कुठल्याच केसमध्ये सापडणार नाही. त्याची फेरी वेगळी.

विमबद्दल थोडं सविस्तर, कारण तिकडे वळायचं तुझ्या मनात दिसतंय. मुळात विम केस पाळतं. लोक शोधायला सोयीचं म्हणून इग्नोरकेस आणि स्मार्टकेस ही दोन्ही सेटिंग लावतात: स्मॉलमध्ये टाइप केलं तर केस सोडून द्यायची, एक जरी कॅपिटल आलं तर पाळायची. शोधताना हे छान वाटतं. गोम अशी की तेच सेटिंग सब्स्टिट्यूटलाही लागू होतं, आणि स्मॉलमध्ये दिलेला साधा बदल क्लासची नावंही खाऊन टाकतो. म्हणून बदलताना पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश आणि कॅपिटल सी घाल, किंवा शेवटी कॅपिटल आय लाव. केस नक्की पाळली जाते. आणि हेच कॅपिटल आय ग्नूच्या सेडमध्ये (टर्मिनलमधून मजकूर बदलायच्या साधनात) नेमकं उलटं वागतं: तिथे त्याचा अर्थ केस सोडून दे. एका टर्मिनलमध्ये दोन्ही वापरणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

केस बंद ठेवणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. एसक्यूएलचे कीवर्ड, एचटीएमएलचे टॅग, साध्या गद्यात वाक्याच्या सुरुवातीला आलेला शब्द, इथे ती बंदच हवी. फक्त ती तू ठरवून बंद केलेली असावी. गेल्या शोधातलं बटण तसंच राहिलं म्हणून नव्हे.

हे सगळं संथ आहे, पिढीचा फरक आहे, असं तुला कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. आकडे बघायला पाव मिनिट लागतं, आणि तुझ्या पत्रात तू जी दुरुस्ती वर्णन केलीस तिला किती वेळ गेला ते तूच बघ.

शेवटचं, फायलींच्या नावांचं. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीत नावातलं स्मॉल-कॅपिटल वेगळं धरलं जात नाही, लिनक्सवर धरलं जातं. इम्पोर्टच्या ओळीत पहिलं अक्षर चुकलं तर तुझ्या मशीनवर चालेल आणि सर्व्हरवर फाइल सापडणार नाही. फायलीच्या नावाची नुसती केस बदलायची असेल तर आधी भलतंच मधलं नाव दे, कमिट कर, मग खरं नाव देऊन पुन्हा कमिट कर.